मॅक्रोचं बिऱ्हाड

"जुन्यावर तर चालत होतं!"

आमच्या गिरगावातल्या सोसायटीचे खजिनदार काका डिसेंबरात आठवडाभर एवढंच म्हणत होते. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, कमिटीने ठराव केला आणि लॅमिंग्टन रोडवरून नवा संगणक आला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे. पण तसं सांगितलं तर टॅक्सीवाला वळून बघतो.) फाइल तीच, बटण तेच. ‘बिलं काढा’ दाबलं की बिलं मात्र निघेनात.

काका बँकेतून निवृत्त. एक्सेलमधला हा मॅक्रो त्यांनी 2009 साली स्वतः शिकून लिहिला. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची बिलं, थकबाकी, व्याज, सगळं एका बटणावर. त्यामुळे बटण अडलं तेव्हा त्यांना ते अंगावरच आलं.

मॅक्रो फाइलमध्ये राहतो असं आपण धरून चालतो. माझ्या मते तो चाळकऱ्यासारखा राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत संसार मावायचा तो गॅलरी, माळा आणि शेजार धरून. टॉवरमध्ये राहायला गेल्यावर कळायचं की वाळत घालायची दोरी शेजाऱ्याच्या खिळ्याला होती. मॅक्रोनेही जुन्या यंत्राकडून काय काय उसनं घेतलेलं असतं, ते यंत्र बदलेपर्यंत कळत नाही.

पहिली आडवी आली ती लाल पट्टी. काकांनी फाइल स्वतःलाच ईमेलने पाठवली होती. इंटरनेटवरून उतरलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं, आणि 2022 पासून अशा फाइलीतले मॅक्रो एक्सेल मुळातच अडवतं. उपाय सोपा: फाइल बंद करायची, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर खूण. काकांच्या भाच्याने मात्र सेटिंगमध्ये जाऊन सगळेच मॅक्रो कायमचे मोकळे करून ठेवले होते. ते मी आधी बंद केलं. 1999 चा मेलिसा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला होता. आपली किल्ली सापडत नाही म्हणून कोणी इमारतीचा दरवाजा काढून ठेवत नाही.

मग 64 बिटचा घोळ. जुनं विंडोज 64 बिटचंच होतं, पण त्यावरचं ऑफिस 32 बिटचं. नव्यावर दोन्ही 64. अशा ऑफिसात विंडोजची कामं थेट मागवणाऱ्या ‘डिक्लेअर’च्या ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द लागतो. नुसता शब्द घालून नेहमीच भागत नाही, पत्ते साठवणाऱ्या जागांचा प्रकारही ‘लाँगपीटीआर’ करावा लागतो. आमच्याकडे एकच ओळ होती आणि तिच्यात पत्ताबित्ता काही नव्हता. काकांनी ती कशासाठी लिहिली होती? प्रिंटरला उसंत मिळावी म्हणून मॅक्रोने दोन बिलांमध्ये अर्धा सेकंद झोपावं, यासाठी. त्या डुलकीपायी अठ्ठेचाळीस बिलं खोळंबली होती.

त्यानंतर ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’. ही चूक फसवी. बोट दाखवते ‘लेफ्ट’सारख्या साध्या, निरपराध फंक्शनकडे, आणि काका तीच ओळ तीनदा पुसून लिहीत बसले होते. खरा प्रकार टूल्स, रेफरन्सेसमध्ये: यादीत एका नावापुढे ‘मिसिंग’ असं दिसतं. कधीकाळी जोडलेलं तारखेचं कॅलेंडर नव्या यंत्रावर नव्हतं. खूण काढली, तारीख हाताने टाकायची ठरवली.

प्रिंटरचं नाव आणि ‘डेस्कटॉप’चा जुना पत्ता मॅक्रोत ठोकून लिहिलेला होता, तोही बदलला.

खरी गंमत मराठीची. जुन्या फाइलीतलं मराठी एका जुन्या फाँटमधलं. आत सगळी इंग्रजी चिन्हं, वर मराठीचा मुखवटा. नव्या यंत्रावर तो फाँट नाही, म्हणून भाच्याने शीटची नावं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली. ‘थकबाकी’ छान दिसू लागलं. पण तेच नाव मॅक्रोच्या संपादकात लिहिलं की उमटतं ‘??????’. तो संपादक विंडोजच्या जुन्या कोडपानांवर, म्हणजे लिपीवार चिन्हांच्या तक्त्यांवर, चालतो. थाई, अरबी, ग्रीक लिपीला तशी पानं मिळाली, देवनागरीला मिळालीच नाहीत. मग मॅक्रो प्रश्नचिन्हांच्या नावाची शीट शोधतो आणि ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ म्हणून हात वर करतो. यावर दोन वाटा आहेत. शीटला टॅबवरच्या नावाऐवजी तिच्या आतल्या सांकेतिक नावाने हाक मारायची, किंवा मराठी शब्द एखाद्या सेलमध्ये ठेवून मॅक्रोला तिथून वाचायला लावायचं. आम्ही पहिली धरली. इतक्या वर्षांत मराठीतून मॅक्रो लिहिणारा माणूस कोणाच्या गणतीतच नव्हता, याचा मला अजून राग येतो.

बिलं निघाली. आणि ती चुकलेली होती.

अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, म्हणून कमिटीने भरण्याची मुदत 10 सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. मॅक्रोत ती तारीख मजकूर म्हणून लिहिलेली: 10/09/2025. नव्या संगणकाच्या सेटिंगमध्ये प्रदेश अमेरिका. त्याने ती 9 ऑक्टोबर वाचली. त्याच मॅक्रोतली 25/06 मात्र बरोबर वाचली, कारण पंचविसावा महिना नसतो, म्हणून यंत्राने आपणहून उलटवून घेतली. सेलमधल्या जुन्या तारखा शाबूत होत्या, एक्सेल त्या आकडा म्हणून साठवतं. म्हणजे काही बरोबर, काही चूक, आणि पडद्यावर एकही तक्रार नाही. 21 टक्के सरळ व्याजाने 4,000 रुपयांच्या थकबाकीवर 29 दिवसांचे 67 रुपये बुडाले. कमी व्याज लागलं म्हणून कुरकुरणारा सभासद गिरगावात अजून जन्मायचा आहे.

सापडलं ते काकांच्या बँकेतल्या सवयीमुळे. कुठलाही गठ्ठा बाहेर जाण्याआधी ते त्यातली दोन बिलं पेन्सिलीने वहीत मांडून बघतात. प्रदेश भारत केला, मॅक्रोतल्या तारखाही वर्ष, महिना, दिवस अशा सुट्या लिहून घेतल्या, आणि सगळी बिलं पुन्हा छापली.

जुना संगणक ऑफिसच्या टेबलाखाली प्लास्टिक पांघरून बसला आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. काकांनी त्याला 31 मार्चनंतर ये म्हणून सांगितलंय.