मुलीचा बायोडाटा आणि आपण



गेल्या उन्हाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती झाकून ठेवण्यापेक्षा येथे लिहिणे बरे. वसाहतीतील एका उपासकांनी आपल्या मुलीचा बायोडाटा आमच्याकडे दिला व "चांगले स्थळ बघा" म्हणाले. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही तो कागद फोटोसह समाजाच्या चार-पाच वधू-वर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. जन्मतारीख, कॉलेज, घरचा पत्ता, मामांची नावे-गावे आणि तिचा स्वतःचा मोबाईल नंबर, सारे काही त्यात होते. (पत्रिका आपण सोडली, पण जन्मवेळ लिहिण्याची सवय मात्र सुटलेली नाही!) एका ग्रुपवरून तो दुसऱ्यावर गेला आणि तेथून कोणीतरी फेसबुकवर चढवला.

महिन्याभरात तिच्या नावाचे, तिचाच फोटो लावलेले बनावट खाते फेसबुकवर उघडले गेले. "आई दवाखान्यात आहे, पाच हजार पाठवा" असे निरोप मामांना गेले. गाव, नाते सगळे बरोबर; एका मामांनी पैसे पाठवलेही. रात्री-अपरात्री अनोळखी फोन येऊ लागले ते वेगळेच.

घरात काय ठरले? मुलीचा फोन काढून घ्या, कॉलेज पुरे झाले. आम्ही समजूत घालायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "काका, माझा नंबर टाकताना मला कोणी विचारलं होतं का?" आमची मान खाली गेली. आम्ही कचेरीत कारकुनी करतो. एखाद्याचे सेवापुस्तक साहेबांच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवत नाही. येथे मात्र एका मुलीची सगळी माहिती परक्यांच्या हाती देताना आम्हाला काहीच वाटले नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे व तो संविधानाच्या कलम २१ मध्येच सामावलेला आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांची जयंती आपण दणक्यात करतो. मग मुलीला न विचारता तिचा फोटो वाटायचा आणि घोटाळा झाला की शिक्षाही तिलाच, हे कसे?

त्या खात्याचे पुढे काय केले तेही सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. आधी बनावट खात्याची लिंक व निरोपांचे स्क्रीनशॉट जपून ठेवले. घाईने ब्लॉक केले असते तर पुरावा हाती राहिला नसता. मग ओळखीच्या दहा-बारा जणांनी फेसबुककडे 'रिपोर्ट' केले. पैसे गेले होते म्हणून १९३० या नंबरवर फोन केला आणि सायबर पोलिसांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. दुसऱ्याची ओळख चोरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खाते बंद झाले. मामांचे पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत.

मुलीने मग आमच्याच फोनची शाळा घेतली. व्हॉट्सॲपच्या 'प्रायव्हसी'त जाऊन फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असे केले, कोणीही उठून ग्रुपमध्ये ओढू नये याचीही सोय केली, सहा आकडी पिन लावला. फेसबुकचे 'प्रोफाईल लॉक' केले. आणि आमची एक जुनी पोस्ट पुसायला लावली: "सहकुटुंब दीक्षाभूमीला निघालो, तीन दिवसांनी भेटू." घराला कुलूप आहे हे आम्हीच गावभर सांगितले होते!

विहारात आता वधू-वर नोंदीची वही ठेवली आहे. ग्रुपवर फक्त वय, शिक्षण, नोकरी आणि जिल्हा जातो. फोटो व नंबर मुला-मुलीने स्वतः होकार दिल्यावरच. काही पालक कुरकुरतात की अशाने स्थळे येत नाहीत. येतात, थोडी उशिरा येतात.

तिचा नवा बायोडाटा तिनेच लिहिला आहे. फोन परत मिळाला, कॉलेजही सुरू आहे. स्थळाचे परीक्षेनंतर बघू, असे तिने वडिलांना सांगितले आहे.