दिसतं तसं नसतं

गेल्या महिन्यात जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी कौतुकानं कपाट उघडून टॅब दाखवले. सगळे खोक्यासकट शाबूत. दसऱ्याला पूजेत मांडले होते, त्याचं कुंकू खोक्यांवर अजून होतं. ‘‘मुलांच्या हातात दिले आणि फुटले, तर भरून कोण देणार?’’ सरांचा सवाल बिनतोड होता. भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही होता, पण थकलेल्या बिलापायी वीज तोडलेली होती.

त्याच शाळेत सातवीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर खडूनं एक संदेश लिहिला होता. ‘जन गण मन’ला युनेस्कोनं अवघ्या काही मिनिटांपूर्वी जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं, अभिमान असेल तर पुढे पाठवा, अशा अर्थाचा. मुलांनी वाचून टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्या वाजू दिल्या आणि मग शांतपणे विचारलं, ‘‘हे कुणी सांगितलं? आणि कधी?’’

वर्गात चुळबुळ झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘‘बाई, हा मेसेज आईच्या मोबाइलवर मागच्या वर्षी आलेला. तेव्हापण काही मिनिटांपूर्वीच लिहिलेलं.’’ वर्ग हसला आणि धडा तिथूनच सुरू झाला. बाईंनी स्वतःचा मोबाइल मुलांकडे दिला. गटागटानं शोध सुरू झाला. ही अफवा 2008 पासून फिरते आहे आणि युनेस्कोनं ती तेव्हाच नाकारली होती, हे मुलांनीच शोधून काढलं. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, ‘‘आपलं राष्ट्रगीत मोठं आहेच. त्याला खोट्या सर्टिफिकेटची गरज नाही.’’

एक खडू, एक फळा, एक मोबाइल. डिजिटल साक्षरतेचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

आपल्याकडे डिजिटल शाळा म्हटलं की मोजणी सुरू होते. टीव्ही किती, टॅब किती, प्रोजेक्टर आहे का. फोटो काढला, लिंक भरली, विषय संपला. गुरुजींचा मोबाइल दिवसभर चालू असतो, पण बराचसा ‘माहिती आजच्या आज भरा’ या निरोपांपायी. शिकवण्यासाठी उरतो तो तासाच्या शेवटी लावायचा एखादा व्हिडिओ. तो संपला की पुन्हा प्रश्नोत्तरं वहीत उतरवायची. फळ्यावरचं उतरवणं आणि पडद्यावरचं उतरवणं यात फरक तो काय?

साधनं निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली, राज्याच्या पुस्तकांतही पुढे असे कोड आले आणि 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळालं. पण कोड छापला म्हणजे शिक्षण झालं असं नव्हे. कोड मुलाला दारापर्यंत नेतो. आत जे दिसेल ते पारखून घ्यायला शिकवावं लागतं, आणि ते काम शिक्षकाचंच.

त्याची निकड किती, ते ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या अहवालात दिसतं. ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. म्हणजे फोन वापरायला मुलं आपली आपण शिकली. राहिलं आहे ते शहानिशा करणं. माइकचं बटण दाबून गूगलला प्रश्न विचारायचा आणि वरची पहिली ओळ वहीत उतरवायची, ही सवय मी शहरातल्या महागड्या शाळांतही पाहतो. आता तर एआय शुद्ध, सफाईदार मराठीत उत्तर देतं, आणि चुकलं तरी त्याचा आवाज चाचरत नाही. ‘हे कुणी सांगितलं?’ हा बाईंचा प्रश्न त्याला तर आधी विचारायला हवा.

हे शिकवता येतं का? येतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि बातम्यांची पडताळणी करणारे लोक यांना संकेतस्थळं तपासायला दिली. भले भले तज्ज्ञ त्याच पानावर वर-खाली वाचत राहिले आणि झगमगाटाला फसले. पडताळणीवाले पान जेमतेम पाहून बाहेर पडले आणि ते संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते आधी शोधू लागले. मुलगी द्यायची तर आपण तरी काय करतो? मुलाच्या घरच्यांचं ऐकून घेतो, पण चौकशी गावात करतो. तीच रीत. केरळनं तर खोट्या बातम्या ओळखण्याचं प्रशिक्षण लाखो विद्यार्थ्यांना दिलं आणि 2024 मध्ये पाचवी व सातवीच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय घेतला.

आपल्याकडे नवा विषय, नवं पुस्तक, नवी परीक्षा यांची वाट पाहायचं कारण नाही. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहेच. महिन्यातल्या एका शनिवारी फळ्यावर एक फिरता संदेश लिहा. चार प्रश्न विचारा: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, दुसरीकडे कुठे आलंय, आणि हे पुढे पाठवून कुणाचा फायदा होतो? इतिहासाच्या तासाला जुना फोटो घ्या, विज्ञानाच्या तासाला घरगुती औषधाचा व्हिडिओ. मुलांना उत्तर सापडलं नाही तरी चालेल. ‘खात्री नाही, म्हणून पाठवत नाही’ हेही उत्तरच आहे.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आपल्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होतं. नातवंडांना ते शाळेत शिकवू या. आणि मुख्याध्यापक मंडळींना एक विनंती: ते टॅब कपाटातून बाहेर काढा. एखादा फुटला तर फुटला.