‘नॉर्मल’ शेऱ्याची किंमत

जठराचा कर्करोग आरंभी बोलत नाही. बोलू लागतो तेव्हा बहुधा वेळ टळलेली असते. दुर्बिणीच्या तपासणीचे मोल यातच आहे. परंतु वरणगावचा रुग्ण उपाशीपोटी जळगाव गाठून ‘नॉर्मल’ असा शेरा घेऊन परतला, तर त्याने त्यावर कितपत विसंबावे? जठरात फेस राहिला वा नळी घाईने फिरली, तर फिकट डाग सहज निसटतो. आणि निर्धास्त झालेला रुग्ण पुढच्या लक्षणांकडेही दुर्लक्ष करतो.

जपानमध्ये २०१६ पासून पन्नाशी गाठलेल्यांच्या नगरपालिकांमार्फत होणाऱ्या चाचणीत दुर्बीण आली, ती छायाचित्रे दुसऱ्या डॉक्टराने पुन्हा पाहावीत या दंडकासह. युरोपीय तज्ज्ञांनी त्याच वर्षी पहिल्या तपासणीस किमान सात मिनिटांचा दंडक घातला. आपल्या राष्ट्रीय चाचणीत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, जठराचा नाही. तो सरसकट घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. मात्र जी तपासणी होते ती तरी पुरी व्हावी. अहवालात वेळ नोंदवावा, छायाचित्रे रुग्णाच्या हाती द्यावीत आणि त्यांच्या फेरतपासणीची सोय जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने करावी. एवढे झाले तरच त्या शेऱ्याला अर्थ राहील.