पदवीचाही पन्हा मोजा

आम्ही कापडवाले ताका उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, मगच सौदा करतो. मुलांच्या शिक्षणावर पैसा लावताना मात्र नुसते लेबल वाचतो. बी. एस्सी. झालेल्या मुलाला औषधशास्त्राच्या एम. एस्सी.ला घालायचे आणि नंतर मेडिकल दुकान काढून द्यायचे, असा हिशेब आमच्यापैकी अनेक जण मांडतात. हा हिशेब चुकतो. फार्मासिस्ट म्हणून नोंदणीसाठी डी. फार्म. किंवा बी. फार्म. लागते. एम. फार्म.चा प्रवेशही बी. फार्म. झालेल्यांनाच मिळतो.

म्हणून ही एम. एस्सी. वाया जाते असे नाही. औषध कारखान्यांच्या तपासणी प्रयोगशाळेत तिला किंमत आहे. रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या पदवीधराला औषधनिर्मितीच्या 3 वर्षांच्या अनुभवानंतर उत्पादनावर देखरेखीसाठी नियम पात्र धरतात. म्हणजे ही कारखान्याची वाट आहे, दुकानाची नाही. दुकानच हवे असेल, तर बारावी सायन्सच्या जोरावर 2 वर्षांचे डी. फार्म. करावे.

तेव्हा फी भरण्याआधी एकच विचारा, या पदवीने नोंदणी होते का? अंगावर पडलेला माल पुढच्या सीझनला निघतो. मुलाची गेलेली दोन वर्षे परत येत नाहीत.