उसनी प्रतिमा आणि मालकीचा प्रश्न

पॉप संगीताच्या चित्रफिती हा पोरखेळ आहे, समाजवादी चळवळीने त्याची दखल कशाला घ्यावी, असे म्हणणारे कार्यकर्ते थोडे नाहीत. दुसऱ्या टोकाला, पडद्यावर गायिकेने पुरुषी वेश घातला की जणू सत्तेचे गणितच उलटले, असे मानणारा विद्यापीठीय वर्ग आहे. दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न टाळतात. पडद्यावर जे दिसते ते कोठून उचललेले आहे, आणि उचलताना काय मागे टाकले गेले?

मडॉना या अमेरिकन गायिकेची ‘एक्स्प्रेस युवरसेल्फ’ ही १९८९ सालची चित्रफीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डेव्हिड फिंचर यांनी दिग्दर्शित केलेली ही चित्रफीत फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ सालच्या मूक जर्मन चित्रपटावर बेतलेली होती. मूळ चित्रपटात वर उंच मनोऱ्यांत मालकवर्ग राहतो, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले कामगार. पाळी बदलताना माना खाली घालून चालणारे त्यांचे तांडे एकदा पाहिलेला प्रेक्षक विसरत नाही. राबून राबून माणसाचे भान सुटते, यंत्राचा स्फोट होतो, माणसे मरतात. अखेर कामगार उठाव करून यंत्रे मोडतात आणि त्यांचीच वस्ती पाण्याखाली जाते. चित्रपटाचा शेवट मात्र मालक आणि मुकादम यांच्या हस्तांदोलनाने होतो. हा वर्गसमन्वयाचा गोडवा पुढे खुद्द लांग यांनाही पटेनासा झाला. परंतु इतके असूनही त्या पडद्यावर श्रम हे श्रम म्हणून दिसतात, आणि श्रमाचे मोल कोण चुकवतो हेही दिसते.

साठ-बासष्ट वर्षांनंतरच्या चित्रफितीत मनोरे आहेत, वाफ आहे, यंत्रे आहेत. कामगारही आहेत; पण ते पिळदार देहाचे, पाण्याने निथळणारे, एकमेकांशी झुंजणारे. कोणी थकत नाही, कोणाचा हात यंत्रात सापडत नाही, कोणी काम थांबवत नाही. त्यांच्यातील एक जण वर चढून जातो, तोही एकटाच, आणि जातो तो वरच्या मजल्यावरील स्त्रीच्या शयनगृहात. कामगाराचे शरीर शिल्लक राहिले. त्याचा मालकाशी असलेला संबंध नाहीसा झाला.

फ्रेडरिक जेम्सन या अमेरिकन मार्क्सवादी समीक्षकाने १९८४ साली ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’मध्ये उत्तर-आधुनिकतेवर लिहिलेल्या दीर्घ निबंधात या प्रवृत्तीवर नेमके बोट ठेवले होते. विडंबनाला डंख असतो, कारण विडंबनकाराला काही म्हणायचे असते. भांडवलशाहीच्या या अवस्थेत मात्र डंख नसलेली नक्कल उरते आणि भूतकाळ हा वेशभूषेच्या कोठारासारखा वापरला जातो, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्याच वर्षी जॉर्जो मोरोडर यांनी ‘मेट्रोपोलिस’ला रंगछटा आणि रॉक संगीत जोडून तो पुन्हा बाजारात आणला, आणि क्वीन या वाद्यवृंदाने ‘रेडिओ गा गा’ या गाण्याच्या चित्रफितीत त्यातील दृश्ये वापरली. कोठाराचे दार तेव्हा उघडलेलेच होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. चित्रफितीत मडॉना पुरुषी कोट घालून, एका डोळ्याला भिंग लावून मालकाच्या जागी उभी राहते; अन्य दृश्यात गळ्यात साखळी अडकवून घेते. ती साखळी कोणा पुरुषाने घातलेली नसून आपण होऊन घातलेली आहे, असे तिने १९९० साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत ठणकावून सांगितले. स्त्रीने आपली प्रतिमा स्वतः घडवावी, ती कोणा निर्मात्याच्या हाती ठेवू नये, ही मागणी समाजवाद्यांनी मानलीच पाहिजे. तिची टवाळी करणाऱ्यांमध्ये निव्वळ सोवळेपणा अधिक आहे.

परंतु याच गायिकेची १९८५ सालची ‘मटीरियल गर्ल’ ही चित्रफीत पाहावी. तीत १९५३ सालच्या ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मधील मॅरिलिन मन्रोचा गुलाबी पोशाख आणि भोवतीचा पुरुषांचा घोळका जसाच्या तसा उचललेला आहे. मन्रो त्या चित्रपटात कंपनीच्या करारातील ठरावीक पगारावर काम करीत होती. तिच्यासोबतच्या जेन रसेलला तिच्या कितीतरी पट मोबदला मिळाला. पुढे मन्रो कंपनीशी भांडली आणि तिने स्वतःची निर्मितीसंस्था काढली. चित्रफितीत पोशाख आला, करार आला नाही. आणि मडॉनाने १९९२ साली टाइम वॉर्नरबरोबर भागीदारीत स्वतःची कंपनी स्थापन केली, तेव्हा तिचे स्वातंत्र्य कोणत्या जातीचे होते हेही स्पष्ट झाले. ते वरच्या मजल्यावरील स्वातंत्र्य होते. त्यासाठी तिला दोष देण्याचे कारण नाही. पण त्याला सर्व स्त्रियांची मुक्ती म्हणू नये. खालच्या मजल्यावर शिवणयंत्रावर बसलेली स्त्री त्या चित्रफितीत कोठेच नाही.

हे सारे कोणा एका कलावंताच्या लहरीतून घडले नाही. एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली, ती वॉर्नर आणि अमेरिकन एक्स्प्रेस यांच्या भागीदारीतून. ध्वनिमुद्रिका कंपन्या आपल्या खर्चाने केलेल्या चित्रफिती तिला पुरवीत. म्हणजे जाहिरात हाच कार्यक्रम होता. त्याच आठवड्यात, ५ ऑगस्टला, अध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले. एकाने दुसरे घडवले असे नव्हे. पण संघटित कामगाराला हाकलणारा आणि कामगाराला शोभेची वस्तू करणारा असा हा एकच काळ होता. मुंबईकरांना हे दूरदेशीचे वाटू नये. १९८२ च्या गिरणी संपानंतर लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात बाजारपेठ उभी राहिली, आणि गिरणीचे धुरांडे तेवढे राखले गेले.

चित्रफितींवर बंदीची मागणी करणे व्यर्थ आहे आणि अनुचितही. अभ्यासमंडळांनी मूळ चित्रपट आणि चित्रफीत पाठोपाठ दाखवावीत. ‘मेट्रोपोलिस’चे कापले गेलेले बरेचसे भाग २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये सापडले आणि २०१० साली जवळपास पूर्ण चित्रपट पुन्हा पाहायला मिळाला. चित्रपट मूक असल्यामुळे भाषेची अडचण फारशी नाही. मधल्या पाट्यांचे मराठी तेवढे कोणीतरी करून घ्यावे लागेल.