फाइलमधला राहून गेलेला रकाना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद माझ्यापुढे येतो. काकांची दवाखान्याची फाइल तर मी दहावीपासून वाचतो आहे. आत्याने आपली एक किडनी त्यांना दिली, तेव्हापासून.

दर खेपेस भातसानगरहून एस.टी.ने शहापूर, तेथून आसनगाव, मग लोकल. भातसाचे पाणी बिनतिकीट मुंबईला जाते. आम्हाला मात्र रांग लावावी लागते! परतल्यावर सारे घर एकच विचारते, "क्रिएटिनिन किती?" आकडा बरा असला की आत्या देवापुढे दिवा लावते.

गेल्या उन्हाळ्यात काका म्हणू लागले, "उन्हात गेलो का समदं पांढरं धुकं. सांजच्याला बरं दिसतं." चष्मा बदलून पाहिला. शेजाऱ्यांनी वयावर ढकलले. पण बेचाळीस हे का मोतीबिंदूचे वय? शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "स्टेरॉइड चालू आहे का?"

चालू होतेच. १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्यास बसवली. ते एकरूप जुळे होते, म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. आत्या आणि काका सख्खी भावंडे खरी, पण जुळी नव्हेत. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात, आणि काकांच्या औषधांत प्रेडनिसोलोन आहे. त्याच गोळीने डोळ्याच्या भिंगाच्या मागच्या बाजूस मोतीबिंदू धरू शकतो. तो ऑपरेशनने काढता येतो. पण डोळ्यातला दाबही वाढू शकतो. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. काकांचा दाब वाढलेलाच निघाला. थेंब सुरू झाले.

त्या रात्री काका म्हणाले, "उद्यापासनं गोळी बंद." आत्या काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. मी फाइल घेऊन त्यांच्याजवळ बसलो. गोळी आपल्या मनाने थांबवली तर किडनी जाईल, आणि एकाएकी सोडल्याने जिवावरही बेतेल, हे समजावता समजावता बारा वाजले.

माझे भांडण गोळीशी नाही. भांडण या फाइलशी आहे. वजन, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, साऱ्यांना रकाने आहेत, डोळ्यांना नाही. वर्षातून एकदा दाब आणि भिंग तपासा, एवढी एक ओळ, तीही मराठीत, छापायला किती शाई लागते? कोणी म्हणेल, जीव वाचला, आता डोळ्यांचे काय घेऊन बसलात! त्यांनी पावसाळ्यात धूसर नजरेने आमच्या भाताच्या बांधावरून चालून पाहावे. आणि दोष माझाही आहेच. एवढी वर्षे मी आकडे वाचले, गोळीचे नाव वाचले, ती आणखी काय करते हे कधी विचारले नाही.

फाइलच्या शेवटच्या पानावर आता मी पट्टीने रकाना आखला आहे. त्यात दाबाच्या दोन नोंदी झाल्या. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. गोळी चालूच आहे.