घोळक्यापुरता आवाज

गेल्या पावसाळ्यात आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एक ठराव आला. यापुढे कोणीही सोबत स्पीकर आणायचा नाही. तासाभरात बहुतेकांचे अंगठे वर झाले. माझा झाला नाही. मग दोन-तीन दिवस फोनवर आणि चहाच्या टपरीवर जी बोलाचाली झाली ती अजून मिटलेली नाही, म्हणून माझी बाजू एकदा सलग मांडतो.

ठराव उगाच आला नव्हता, हे आधीच कबूल करतो. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत एका घरी आमचा मुक्काम होता. शेजारच्या अंगणात उतरलेल्या टोळक्याने गाडीच्या डिकीतून गुडघाभर उंचीचा स्पीकर काढला आणि रात्री साडेबारापर्यंत वाजवला. आम्हाला जेवू घालणाऱ्या मावशींना पहाटे भाताच्या आवणीला जायचं होतं. त्या दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या, काही न बोलता आत गेल्या. आमच्यातले एक काका सांगायला गेले तर 'जंगल काय विकत घेतलंय का' असं ऐकून परतले. त्या रात्रीचा राग मलाही आहे. पण राग आला त्या खोक्याचा आणि बंदी घातली सगळ्याच स्पीकरवर, हे मला पटत नाही.

ठरावाच्या बाजूचं पहिलं म्हणणं असं, की घराबाहेर पडायचं ते शांततेसाठी, तिथे गाणी कशाला? ऐकायला फार खरं वाटतं. पण यात 'बाहेर' म्हणजे सुट्टीला जायची जागा, असं धरून चाललंय. आपल्या नगर जिल्ह्यात हजारो माणसांचं अर्धं वर्ष बाहेरच जातं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, कारखान्याच्या तळावर कोप्या टाकतात आणि थंडीत पहाटे अंधारातच फडात उतरतात. पाचटावर पडलेलं दव, हाताला पात्यांचे चरे, आणि बांधावर पाण्याच्या कॅनशेजारी ठेवलेला मुठीएवढा स्पीकर. त्यात मेमरी कार्ड असतं, कार्डात कीर्तन, भीमगीतं, खंडोबाची गाणी, पोरांनी भरून दिलेली सिनेमाची गाणी. मोबाइलला रेंज असो-नसो, ते वाजत राहतं. मोळी बांधणारी बाई ते ऐकत ऐकत सरी उरकते. या बाईला शांततेचं महत्त्व सांगायला मी तरी जाणार नाही. तिच्या स्पीकरने कोणाची झोप मोडत नाही, कारण तो तिच्यापुरता आणि फार तर शेजारच्या कोयत्यापुरता वाजतो.

आणि आपल्या रस्त्यांना सूर नवा आहे का? त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते ती टाळमृदंग घेऊनच. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराने पावा वाजवला तर कोणी तक्रार करत नाही. यावर एका मैत्रिणीने दिलेलं उत्तर मात्र मला मान्य करावं लागलं. ती म्हणाली, मृदंग वाजवणारा दमतो, त्याचे हात थांबले की मृदंग थांबतो, तुझं यंत्र दमत नाही. बरोबर आहे. म्हणूनच यंत्र निवडताना आणि वापरताना त्याची हद्द आपल्याला घालावी लागते. ती हद्द कशी घालायची, तेच पुढे सांगतो.

दुसरं म्हणणं, ऐकायचंच असेल तर कानात इअरफोन घाला. हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. कळसूबाईच्या शिड्यांवर वरून 'दगड!' अशी हाक आली तर ती कानापर्यंत पोचली पाहिजे. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या शिर्डीच्या पदयात्रीला मागून येणारा ट्रक ऐकू यायला हवा. वाटेवर चालताना इअरफोन नको आणि स्पीकरही नको, दोन्ही नकोत. पण थांबल्यावर, भाकरी सोडून पाचजण एका दगडाभोवती बसल्यावर, प्रत्येकाने आपापल्या कानात वेगळं गाणं घालून बसणं याला मी सोबत म्हणत नाही. एकच गाणं सगळ्यांनी ऐकावं, मधेच कोणी 'हे बंद कर, ते लाव' म्हणावं, यासाठी तर माणसं एकत्र जातात.

तिसरं म्हणणं जंगलाचं. इथे मी ठरावाच्या बाजूलाच उभा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, सुमारे 361 चौरस किलोमीटरचं. त्या हद्दीतल्या रानात माझा स्पीकर सॅकमध्येच राहतो. वनखात्याचा कर्मचारी किंवा गावातला माणूस बंद करा म्हणाला तर वाद घालायचा नाही. मे संपता संपता भंडारदऱ्याच्या आसपास हिरडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लखलखायला लागतात. काजवा जोडीदाराला बोलावतो ते उजेडाने. अशा ठिकाणी लाल-निळे दिवे गाण्याच्या तालावर उघडझाप करणारा स्पीकर नेणं म्हणजे त्यांच्या बोलण्यात घुसणं. आवाज पूर्ण बंद केला तरी काही मॉडेलचे दिवे चालूच राहतात. म्हणून माझी निवड करतानाची पहिली अट अशी, की स्पीकरला दिव्यांची आरास नको, असलीच तर बटणाने पूर्ण बंद होणारी हवी. दुकानदाराला हे विचारलं की तो चमकून बघतो, कारण बहुतेक गिऱ्हाईक दिवे बघूनच घेतं.

पण स्पीकर घरातून नेणं आणि रानात वाजवणं या दोन गोष्टी ठरावाने एक करून टाकल्या. एसटीच्या फाट्यावर दोन तास गाडीची वाट बघताना, मुक्कामाच्या खोलीत पावसाने अडकल्यावर, शेतातल्या हुरड्याला तो का नको?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. ते म्हणतात, उघड्यावर आवाज विरतो, तेव्हा मोठाच घ्यायला हवा, जितके जास्त वॉट तितकं बरं. या समजुतीतला निम्मा भाग खरा आहे. घरात भिंतींवर आदळून खर्ज भरून येतो, उघड्यावर तो निसटतो आणि तोच स्पीकर किरकिरा वाटतो. पण त्यावर वॉट वाढवणं हा उतारा नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे 5 वॉटचा सोडून 50 वॉटचा घेतला, पैसे आणि वजन कितीतरी पटीने वाढवलं, तर कानाला मिळालं दुप्पट. शिवाय खोक्यावर छापलेले हजारभर 'पीएमपीओ' वॉट हा निव्वळ फुगवलेला आकडा असतो. बघायचा तो 'आरएमएस', म्हणजे स्पीकर सलग देऊ शकतो ते वॉट.

अंतराचा हिशेब तर आमच्या ग्रुपवर मी कागदावर लिहून टाकला होता. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. छोटा स्पीकर बोलण्याच्या पातळीला, मीटरभरावर 65 डेसिबल, असा वाजवला तर 16 मीटरवर 41 उरतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा 45 आहे, दिवसाची 55. आता पाचनईतला तो खोका मीटरभरावर 100 डेसिबल देत होता असं धरा. 16 मीटरवर 76, सव्वाशे मीटरवर 58, आणि अर्ध्या किलोमीटरवरसुद्धा 46. पाचजणांना ऐकायचं होतं आणि अख्खं गाव जागं ठेवलं. त्याच नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायचाच नाही, हे तर आणखी वेगळं. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या टेपबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. ड्रायव्हरला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, इतक्या आवाजात गाणं लावून दोन ट्रॉल्या ओढायच्या म्हणजे माणसं मारायची तयारी.

तेव्हा तळहातावर मावेल असा, पाव किलोच्या आसपासचा स्पीकर घ्या. खर्ज थोडा कमी मिळेल. तो मिळवायचा असेल तर स्पीकर दगडाच्या किंवा भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवा, मागून आवाज परतून येतो आणि भरदार लागतो.

'वॉटरप्रूफ आहे' एवढ्यावर समाधान मानणारेही पुष्कळ. आमच्या जिल्ह्याला हे पुरत नाही. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. पूर्वेला-दक्षिणेला कर्जत-जामखेडकडे वर्षाला पाच-सहाशे पडला तरी लोक समाधानी असतात, आणि मार्चपासून फुफाटा उडतो. माझा पहिला स्पीकर पाण्याने गेलाच नाही. श्रीगोंद्याकडच्या शेतात एक उन्हाळा काढल्यावर त्याचा आवाज घोगरा झाला. जाळीचं कापड नखाने उचलून बघितलं तर आतल्या पडद्याच्या कडेला पिठासारखी माती बसलेली, बोटाने पुसली तरी खळीतून निघेना. खोक्यावर लिहिलं होतं 'आयपीएक्स 7'. त्यातल्या 'एक्स'चा अर्थ मला तेव्हा कळला. धुळीची चाचणी झालेली नाही, एवढाच तो अर्थ.

आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 'आयपी 67' म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि मीटरभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. 'आयपीएक्स 4' म्हणजे फक्त शिंतोडे. यात एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. बुडवण्याची चाचणी पास झालेली वस्तू जोराच्या फवाऱ्याला टिकेलच असं नाही, ती चाचणी 5 आणि 6 आकड्यांची. घाटघरला पाऊस वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येऊन फटकारतो. तिकडे नेहमी जाणाऱ्याने 'आयपी 66' आणि 'आयपी 67' दोन्ही लिहिलेला मिळाला तर तो घ्यावा. नाहीतर 67 घ्यावा आणि धो-धो पावसात सॅकच्या कव्हराखाली ठेवावा.

आकडा कितीही मोठा असो, गाडीच्या काचेमागे उन्हात तापलेला स्पीकर लगेच धरणाच्या गार पाण्यात टाकू नका. आतली हवा एकदम आकसते आणि रबराच्या फटीतून पाणी ओढून घेते. त्याच तापलेल्या काचेमागे बॅटरीचंही आयुष्य जातं.

बॅटरीच्या तासांबद्दल थोडक्यात. छापलेले तास मध्यम आवाजाचे असतात, पूर्ण आवाजात ते निम्म्यावर येऊ शकतात. घोळक्यापुरता वाजवणाऱ्याला त्याची चिंता नाही. चार्जिंगची पिन फोनचीच असावी, म्हणजे एक वायर कमी. मेमरी कार्डाची खाच असलेला मिळाला तर अवश्य बघा, मात्र खाचेवर रबरी झाकण घट्ट बसतं का हे नखाने उघडून-लावून तपासा. ब्लूटूथचा आवाज मधेच तुटतो तेव्हा दोष बहुतेकदा आपल्या अंगाचा असतो. शरीरातलं पाणी त्या लहरी शोषतं. फोन आणि स्पीकर यांच्यामध्ये आपण येणार नाही असं बसलं की झालं.

घेण्याआधी मी दुकानदाराला विनंती करतो, मला हा रस्त्यावर वाजवून बघू द्या. कापडबाजारात एकाने तो दिलाही. दुकानाच्या पायरीवर गाणं लावून ठेवलं, हात लांब करून उभा राहिलो तर शब्द न् शब्द कळत होता. वीस पावलं चाललो, पलीकडच्या रसवंतीच्या घुंगरांत गाणं हरवून गेलं. तोच घेतला.

तो यंदा भंडारदऱ्याला नेला होता. घरी आल्यावर नळाखाली धरून चिखल काढला, जाळी खाली करून झटकला आणि झाकण उघडून रात्रभर पंख्याखाली ठेवला. पिनेच्या जागी ओल असताना चार्जिंगला लावला तर पिनेचे पत्रे गंजतात, म्हणून वायर दुसऱ्या दिवशी दुपारी लावली. ग्रुपवरचा ठराव अजून तसाच वर टाचलेला आहे.